सोडियम फ्लोराइड गिळलंय, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी) नॉर्मल आहे, तरी डायलिसिस लावायचं का?

आयसीयू_रात्रपाळी
समजा ५० किलोचा रुग्ण, साधारण २ ग्रॅम सोडियम फ्लोराइड पोटात, दोन तास झालेत. उलट्या, हातापायांत पेटके. आयनाइझ्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम ०.८, म्हणजे कमी, पोटॅशियम ५.४, क्यूटीसी (ईसीजीवर मोजलेलं ठोक्यातलं अंतर) ५२०, म्हणजे लांबलेलं. लघवी व्यवस्थित होतेय. किडनी फ्लोराइड बाहेर टाकतेच, मग मशीन कशाला? आणि लावलंच तर बाथ (मशीनमधलं डायलिसिसचं द्रावण) कोणता?

नेफ्रो_बाथ
आधी हिशोब. सोडियम फ्लोराइडमध्ये वजनाने ४५ टक्के फ्लोराइड, म्हणजे तुमच्या रुग्णाच्या पोटात सुमारे ९०० मिग्रॅ, किलोमागे १८. किलोमागे ५ मिग्रॅच्या वर गेलं की जिवाला धोका धरून चालायचं. ९०० मिग्रॅ फ्लोराइड जवळपास तेवढंच कॅल्शियम बांधून टाकतं, आणि पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून कॅल्शियम असतं जेमतेम १ ग्रॅम. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १० मिलीच्या अँपूलमध्ये ९३ मिग्रॅ कॅल्शियम. उलटीत काही गेलं असेल, पण एकदोन अँपूल देऊन भागणार नाही हे उघड आहे.

किडनीचं म्हणाल तर निरोगी किडनीचा फ्लोराइड क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला किती रक्तद्रव फ्लोराइडमुक्त होतो ते, ३५-४० मिलीच्या आसपास. बीपी पडलं की तोही जातो. फ्लोराइडचा कण अगदी लहान, प्रथिनांना जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे डायलायझरमधून (मशीनच्या गाळणीतून) सहज निघतो. मात्र ते हाडांतही भराभर शिरतं, तिथून मशीन ओढू शकत नाही. म्हणून लावायचं तर पहिल्या काही तासांत. भक्कम अभ्यास नाहीत, जे आहे ते केस रिपोर्ट. तरी क्यूटी लांबतच चाललाय, कॅल्शियम देऊनही वर येत नाही, पोटॅशियम चढतंय किंवा लघवी कमी झालीय, यातलं एकही असेल तर मी थांबणार नाही. फ्लोराइड लेव्हलची वाट तर अजिबात बघू नका, रिपोर्ट येईपर्यंत निकाल लागलेला असतो.

बाथ: कॅल्शियम १.७५, पोटॅशियम २ (मिलिमोल/लिटर), बायकार्बोनेट. रक्तप्रवाह मिनिटाला २५०-३०० मिली, डायलिसेट (बाथचाच प्रवाह) ५००, किमान ४ तास. बीपी टिकत नसेल तर सीआरआरटी (संथ, सतत चालणारं डायलिसिस), पण त्यात फ्लोराइड सावकाश निघतं.

टॉक्स_टिपण
वरच्यात भर. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सिट्रेट (सिट्रेट अँटिकोअ‍ॅग्युलेशन) नको! सीआरआरटीला सवयीने सिट्रेट लावलं जातं आणि तेही कॅल्शियमच बांधतं. आतड्यातून रक्त जात असेल तर हेपॅरिनही नको, दर अर्ध्या तासाने १०० मिली सलाइनचा फ्लश.

डायलिसिस चालू असतानाही कॅल्शियम थांबवायचं नाही. वेगळ्या सेंट्रल लाइनमधून द्या. कॅल्शियम क्लोराइडच्या अँपूलमध्ये ग्लुकोनेटच्या तिप्पट कॅल्शियम असतं, पण बारीक शिरेतून निसटलं तर कातडी जळते. त्याच लाइनमधून बायकार्ब सोडलं तर नळीतच पांढरा साका बसतो. मॅग्नेशियमही फ्लोराइड ओढून घेतं, म्हणून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हळू द्या. आयनाइझ्ड कॅल्शियम आणि पोटॅशियम दर तासाला, ईसीजी सतत. इथलं पोटॅशियम पेशींतून बाहेर पडलेलं असतं, इन्सुलिन-ग्लुकोजने फारसं उतरत नाही. चारकोलचा (विष शोषून घेणाऱ्या कोळशाचा) उपयोग नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर दूध द्या.

आयसीयू_रात्रपाळी
सिट्रेटचं लक्षातच आलं नव्हतं. आरओ (पाणी गाळणारं यंत्र) बंद पडला तर आमच्याकडे डीआय टाक्यांवर (रेझिनने पाण्यातले क्षार काढणाऱ्या टाक्यांवर) मशीन चालवतात. चालेल?

पाणी_टेक्निशियन
नीट तपासल्याशिवाय नाही. डायलिसिसच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला ०.२ मिग्रॅ. डीआयचं रेझिन संपत आलं की अडकवून ठेवलेलं फ्लोराइडच एकदम सोडतं, तेही आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात. १९९३ मध्ये शिकागोत नेमकं हेच झालं: एका खोलीतल्या १५ पैकी १२ रुग्णांना त्रास, ३ दगावले. म्हणजे विष काढायला लावलेलं मशीनच विष घालू शकतं. टाकीनंतरचा रेझिस्टिव्हिटी मीटर (पाण्याची शुद्धता दाखवणारा) १ मेगाओमच्या खाली गेला की टाकी बाद, अलार्म ऐकू येईल असा हवा आणि पाणी आपोआप ड्रेनला वळायला हवं. यवतमाळ-चंद्रपूरकडे जिथे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, तिथे रेझिन कॅटलॉगमधल्या अंदाजाच्या आधी संपतं.

नेफ्रो_बाथ
४ तासांनंतर मशीन काढलं तरी सेंट्रल लाइन आणि मॉनिटर काढू नका. पोटॅशियम पुन्हा चढू शकतं, कॅल्शियम पुन्हा पडू शकतं. निदान २४ तास लक्ष ठेवा, दुसरं सत्र लागेल असं धरून टेक्निशियनला आत्ताच कळवा.