घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून का कापायचे?

मुक्ता_वाकड

पुण्यात भाड्याचं घर सोडताना एक महिन्याचं भाडं ‘रंगाचं’ म्हणून कापून घ्यायचं, हा अलिखित नियमच होऊन बसलाय. मला तो मान्य नाही. इथल्या घरमालकांचं म्हणणंही ऐकायचंय, म्हणून हा धागा काढतेय.

आमचंच उदाहरण घ्या. वाकडला टू बीएचके, भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. तीन वर्षं राहिलो, करार दर वेळी रीतसर नोंदवला, भाडं कधी थकवलं नाही. सोडताना मालक घर बघायला आले. हॉलच्या भिंतीवर सोफ्याच्या उंचीला मळकट पट्टा, मुलीच्या खोलीत शेल्फसाठी पाडलेली चार भोकं, आणि बाथरूमलगतच्या भिंतीला ओल येऊन सुटलेले पोपडे. ही ओल वरच्या फ्लॅटमधल्या गळतीची. पहिल्याच पावसाळ्यात मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट कळवलं होतं. तरी हिशेब आला तो असा: रंगाचे २४ हजार, साफसफाईचे साडेतीन हजार, आणि उरलेले ‘नवीन भाडेकरू आला की देतो’.

भोकं आम्ही पाडली, ती बुजवायचे पैसे आम्हीच द्यायचे, यात वाद नाही. पण घरात माणसं राहिली की भिंती मळणारच, आणि त्या राहण्याचंच तर दर महिन्याला भाडं भरलं. शिवाय नवा भाडेकरू येईपर्यंत मी का थांबायचं? मला नव्या घराचं डिपॉझिट आधीच भरावं लागलं. माझे पैसे खर्च करून बसलेल्या मालकाची अडचण माझ्या गळ्यात का?

कोथरूडचे_काका

ताई, मालकाच्या बाजूने लिहितो. मी निवृत्त आहे. एक फ्लॅट भाड्याने दिलाय, त्यावर आमचं औषधपाणी चालतं. मागचा भाडेकरू नोकरीवाला, बोलायला गोड. त्याने शेवटचे दोन महिने भाडंच दिलं नाही, ‘डिपॉझिटमधून वळतं करून घ्या’ म्हणाला. तो गेल्यावर ओट्याखालचं कपाट उघडलं तर सिंकचा पाइप गळून गळून प्लाय फुगलेला, ट्रॉलीचे ट्रॅक गंजून जाम. वर्षभर तरी गळत असणार, पण मला एक फोन केला नाही. त्यानंतर विजेचं बिल आलं, मग गॅसचं. हातात डिपॉझिटचं एका महिन्याचं भाडं उरलं होतं, ते सुताराला आणि प्लंबरलाच गेलं. रंग पदरचे पैसे घालून दिला.

रंग न देता घर दाखवलं तर कोणी घेत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, ते मीच भरतो. मालमत्ता कर मीच भरतो. एका महिन्याचं भाडं कापलं तर आम्ही लुटारू ठरतो, हे मनाला लागतं.

मुक्ता_वाकड

काका, तुमच्या त्या भाडेकरूने केलं ते चूकच. फुगलेल्या प्लायचे, ट्रॅकचे पैसे कापायलाच हवेत, आणि शेवटचं भाडं बुडवून ‘वळतं करा’ म्हणणाऱ्यांमुळे आमच्यासारख्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण नुकसान वेगळं, झीज वेगळी. नव्या रंगाच्या घराला तुम्ही भाडंही वाढवून लावता. मग त्या रंगाचा खर्च जुन्याकडून आणि वाढीव भाडं नव्याकडून, असं दोन्हीकडून का घ्यायचं?

अ‍ॅडव्होकेट_शिवाजीनगर

आधी दोघांनी करार काढून वाचा. नोंदणीच्या वेळी अंगठा दिला की बहुतेक लोक तो पुन्हा उघडत नाहीत. बऱ्याच मसुद्यांत दोन वाक्यं असतात: ताबा परत देताना येणं वजा करून अनामत परत करावी, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता नुकसानीची भरपाई परवानाधारकाने, म्हणजे भाडेकरूने, करावी. तुमच्या करारात ही दोन्ही असतील आणि रंगाचं वेगळं कलम नसेल, तर रंगाचे सरसकट २४ हजार कापायला आधार नाही. ‘प्रथा आहे’ एवढ्याने भागत नाही. मात्र रंगाचं कलम स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तुमची सही असेल, तर ‘झीज आहे’ म्हणून हात झटकणं सोपं नाही.

‘नवीन भाडेकरू आल्यावर देतो’ हे जवळपास कोणत्याच करारात नसतं. आणि एक बाब कुणाच्या लक्षात येत नाही. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराचं, मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरलं जातं आणि ते भाड्याच्या रकमेत मिळवून त्यावर शुल्क लागतं. ७५ हजारांवर वर्षाचे साडेसात हजार. बिनव्याजी पैसा हाताशी असणं हा मालकाचा फायदाच आहे, असं सरकारनेच धरलेलं आहे.

पिंपळे_सौदागर_रहिवासी

एवढं कशाला? पैसे खात्यात आल्याशिवाय चावी द्यायची नाही. मी तेच केलं. दुसऱ्याच दिवशी मालकाने पैसे टाकले.

अ‍ॅडव्होकेट_शिवाजीनगर

हा सल्ला कृपा करून कोणी घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २४ बघा. मुदत संपल्यावर जागा रिकामी केली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. २४ हजारांच्या भांडणात महिन्याला ४८ हजारांची टांगती तलवार कशाला? मुदतीच्या आत, मालकाच्या समोर घर दाखवायचं, मीटरचा फोटो काढायचा, बिलांपुरती रक्कम बाजूला ठेवायची आणि बाकीचे पैसे तिथेच खात्यावर घेऊन चावी द्यायची. मालक तयार नसेल तर चावी दिल्याचं लेखी घ्यावं आणि नोटीस पाठवावी. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठीही, म्हणजे दावा लावण्याआधीच तडजोडीसाठी, अर्ज करता येतो, पण तिथे दोन्ही बाजूंची तयारी लागते.

नवी_पेठ_अभ्यासिका

तुमच्याकडे निदान कागद आहे. आम्ही एमपीएससीची तयारी करणारे तिघं, वन बीएचकेत. करार नाही. मालक म्हणाले, ‘पोरांशी कसला करार?’ पावती नाही, डिपॉझिटचे ३० हजार मात्र यूपीआयने घेतले. आता म्हणतात, दोन महिने आधी सांगितलं नाही म्हणून सगळं बुडालं. दोन महिन्यांचं कधी बोलणंच झालं नव्हतं. गावाकडून बाबांनी सोयाबीन विकून पाठवलेले पैसे आहेत ते.

अ‍ॅडव्होकेट_शिवाजीनगर

मुलांनो, घाबरू नका. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोवर. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचं यूपीआयचं स्टेटमेंट आणि चॅट जपून ठेवा, कलमाचा उल्लेख करून नम्र भाषेत पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

कोथरूडचे_काका

पोरांचे पैसे बुडवणं हे पापच. तिथे मी मालकाची बाजू घेणार नाही. मालकाची इच्छा नसेल, पण नोंदणीचा खर्च परवडत नाही असंही नाही.

लीड्सची_मराठी

इथे इंग्लंडमध्ये डिपॉझिट मालकाच्या मर्जीवर नसतं. एप्रिल २००७ पासून ते मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावं लागतं, आता ३० दिवसांत. नाही नोंदवलं तर कोर्ट भाडेकरूला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम देववू शकतं. २०१९ पासून मर्यादाही आहे, साधारणपणे पाच आठवड्यांचं भाडं. वाद झाला तर योजनेची लवाद सेवा फुकट आहे, आणि कपात का केली हे मालकाला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. रंगाचा मुद्दा तिथे नेहमी येतो. रंग किती जुना होता हे विचारतात. पाच वर्षांपूर्वीचा रंग खराब झाला म्हणून कोऱ्या रंगाचे पूर्ण पैसे मिळत नाहीत.

डोंबिवली_फास्ट_लोकल

मुंबईकडे हेवी डिपॉझिटची तऱ्हा बघा. लाखांत डिपॉझिट, भाडं नाममात्र. मालक ते पैसे घरातल्या लग्नात नाहीतर कर्जात घालतो आणि सोडताना सगळी मदार पुढच्या भाडेकरूवर. तो मिळाला नाही की आधीचा अडकला. रंगाचे २४ हजार गेले तर माणूस सावरतो, इथे आयुष्याची पुंजी अडकते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

कोथरूडचे_काका

दोन महिन्यांची मर्यादा आली तर माझ्यासारख्याने काय करायचं? दोन महिने भाडं बुडवलं की डिपॉझिट संपलं, फुगलेला प्लाय माझ्याच गळ्यात. इंग्लंडसारखी फुकट लवाद सेवा आधी आणा, मग मर्यादा आणा. कोर्टात चकरा मारायचं माझं वय नाही, आणि या पोरांनाही ते परवडणारं नाही. त्यात आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत.

मुक्ता_वाकड

हे पटलं काका. मी मालकांना आज लेखी कळवतेय: भोकं बुजवून त्या भिंतीला रंग द्यायचे पैसे रंगाऱ्याच्या बिलाप्रमाणे कापा, पोपड्यांचा खर्च माझा नाही, हा पहिल्या पावसाळ्यातला फोटो, बाकीची रक्कम १५ दिवसांत द्या. करार काढून पाहिला, रंगाचं कलम त्यात नाही.

कोथरूडचे_काका

तुमच्या बाबतीत तसं असेल तर मालकाने द्यायला हवेत. पण मी माझ्या पुढच्या करारात रंगाचं कलम लिहिणार. ज्याला मान्य नसेल त्याने घर घेऊ नये.

मुक्ता_वाकड

जरूर लिहा. फक्त आकडा लिहा, आणि आत्ताचा रंग कोणत्या वर्षी दिलाय तेही लिहा.