वाफ्याच्या तोंडाशी पाणी तुंबतंय: वाफा लहान पडला का?

पाणवाट:
४० माणसांचं न्हाणीचं, कपड्यांचं आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी (संडासाचं वेगळं) रोज ३,२०० लिटर येतं. बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला २०० मिग्रॅ. ते शुद्ध करणारा खडीचा वाफा २ मीटर रुंद, २० मीटर लांब, पाण्याची खोली अर्धा मीटर, खडी १०-२० मिमी, वर कर्दळ. आधी फक्त जाळी. सुरुवातीच्या दोन मीटरमध्ये पाणी वर उभं राहतं, डास होतात. शेवटी निघणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण सडक्या अंड्यासारखा वास. वाफा वाढवावा का? हेच पाणी संडासाच्या फ्लशला वापरायचं, तर क्लोरिन किती घालायचं?

खडीमाप:
वाढवू नका. ४० चौ.मी. × ०.५ मी. खोली × ०.४ (खडीतली पोकळी) म्हणजे ८ घनमीटर पाणी मावतं, अडीच दिवसांचा मुक्काम होतो. चांगला आहे. घोळ आकारात आहे. पाणी ज्या छेदातून आत शिरतं तो २ × ०.५ = १ चौ.मी., आणि रोजचा ६४० ग्रॅम बीओडी सगळा त्यावरच आदळतो. हा आकडा चौ.मी.ला साधारण २५० ग्रॅमच्या आत हवा. जास्त झाला की जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि साबण-तेलाचा लगदा मिळून फटी बुजवतात. जितका लांब वाफा तितकं स्वच्छ पाणी, या समजुतीने असे बोळ बांधले जातात. नव्याने करायचा असता तर ५ × ८ सांगितला असता.

आहे त्यातच: दोन्ही टोकांनी पाणी सोडा, निचरा मधून काढा. छेद दुप्पट, मुक्काम तेवढाच. टोकांची दीड-दीड मीटर खडी काढून ४०-८० मिमीचे दगड भरा, भोकांचा आडवा पाइप दगडांखाली झाकलेला ठेवा. मध्ये तळाशी तसाच पाइप, त्याला बाहेर वरखाली फिरणारा एल्बो (वाकडा जोड), त्याने आतली पातळी ठरवता येते. पाणी खडीच्या पृष्ठापासून १० सेंमी खाली राहिलं की डास संपले. खणताना पहार वापरू नका, तळाचा लायनर (पाणी अडवणारं अस्तर) फाटेल.

गाळउपसा:
पण छेद दुप्पट करूनही ३२० ग्रॅम उरतात, आणि जाळीने वितळलेलं तेल अडत नाही. एक दिवसाचं पाणी मावेल अशी दोन कप्प्यांची गाळटाकी आधी बांधा. साधारण ३०% बीओडी तिथेच बसतो, म्हणजे छेदावर २२५ च्या आसपास. स्वयंपाकघराची लाइन त्याआधी वेगळ्या ग्रीस ट्रॅपमधून (तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीतून) न्या. गर्दीच्या वेळचं अर्ध्या तासाचं पाणी त्यात थंड व्हायला थांबलं पाहिजे, नाहीतर वितळलेलं तेल तसंच पुढे जातं. त्यात पाणी येतं आणि जातं त्या दोन्ही तोंडांना टी आकाराचा पाइप लावा. तेल 'खाणाऱ्या' पावडरींच्या नादी लागू नका, बहुतेक वेळा ते पातळ होऊन वाफ्यात जाऊन गोठतं.

थेंबमात्रा:
वास हायड्रोजन सल्फाइडचा. पाण्याखालच्या खडीत ऑक्सिजन नसतो, त्यामुळे थोडा येणारच. अडचण अशी की १ मिग्रॅ सल्फाइड किमान २ मिग्रॅ क्लोरिन फस्त करतं. म्हणून आधी पाणी पायऱ्यांवरून खळखळत सोडा, मग वाळूचा फिल्टर, गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत, आणि मगच क्लोरिन. मात्रा अंदाजाने ठरवू नका. पाच बाटल्यांत एकेक लिटर पाणी घेऊन २, ४, ६, ८, १० मिग्रॅ घाला. ३० मिनिटांनी डीपीडी किटवर (रंगावरून उरलेलं क्लोरिन दाखवणारा संच) जिच्यात किमान १ मिग्रॅ उरलेलं दिसेल ती सर्वांत कमी मात्रा तुमची. ती ६ निघाली, तर फ्लशच्या १,२०० लिटरला ७.२ ग्रॅम, म्हणजे १०% हायपोक्लोराइट (द्रव क्लोरिन) ७२ मिली. जुना कॅन असेल तर जास्त लागेल, त्याची ताकद उतरत जाते.

पाणवाट:
उरलेलं २,००० लिटर झाडांना चालेल?

थेंबमात्रा:
चालेल, पण ती लाइन क्लोरिनच्या आधी काढा. फवारा नको, पालापाचोळ्याच्या थराखालून द्या. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना नकोच. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियमने चिकण माती घट्ट होते, पाणी मुरेनासं झालं की जिप्सम लागेल. बोरॅक्सची पावडर बंदच करा. जमीन ओली असताना पाणी दुसरीकडे वळवायला बायपास व्हॉल्व्ह ठेवा.

खडीमाप:
आणि फ्लशच्या टाकीत चांगल्या पाण्याचा नळ कधीही बुडता ठेवू नका. नळाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर हवं, नाहीतर दाब गेला की सांडपाणी उलटं ओढलं जातं. दोन्ही पाइप वेगळ्या रंगाचे ठेवा.