गो-वेंट-गॉन आणि 'आपली शास्त्रशुद्ध मराठी'

तिरकस_बाण: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "इंग्रजीला नियमच नाहीत. गोचं वेंट करणारा कोण तो दीडशहाणा? आपली मराठी बघा, कशी शास्त्रशुद्ध!" प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. अहो, वेंट मुळात गोचा नव्हेच. 'वेंड' नावाचं वेगळं क्रियापद होतं. सेंड-सेंट, तसं वेंड-वेंट. गोचा जुन्या इंग्रजीतला भूतकाळ 'एओडे'. तो मागे पडला आणि वेंट त्या जागी येऊन बसला. आता मराठीत 'जा'चं काय करता? 'जाला'? 'जातो' आला संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गत'वरून, म्हणजे 'गम्'वरून. हे चालतं वाटतं!

साधा_माणूस: तो दीडशहाणा शोधणारा मीच. धातू फेकून पोरांचे हाल लपत नाहीत. माझ्या मुलीने 'टीच्ड' लिहिलं, मार्क गेला. नियम असेल तर हेल्पचं 'होल्प' का नाही करत?

तिरकस_बाण: होतंच की! 1611च्या किंग जेम्स बायबलात 'होल्पन' आहे. 2007 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हिशेब आला होता: जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली, त्यांतली आज 98 तशीच उरलीत. क्वचित लागणारी लवकर 'ईडी' (-ed) प्रत्ययाला शरण जातात, रोज तोंडात असलेली हटत नाहीत.

जर्सीकर: उलटही होतं. इथे अमेरिकेत स्नीकचं 'स्नक' सर्रास, डाइव्हचं 'डोव्ह'. मी 'स्नीक्ड' म्हणलं की लेक फिदीफिदी हसते.

काना_मात्रा: 'म्हणलं' नव्हे, 'म्हटलं'. परदेशी गेलात म्हणून मराठी सोडायची नसते.

जर्सीकर: आमच्या सोलापुरात म्हणलंच म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते.

काना_मात्रा: आजीबद्दल आदर आहे. प्रमाणभाषा आजीवर चालत नाही.

ढेकळं: आले पेठेतले मास्तर! धातू 'म्हण', त्याला 'ल' लावला की 'म्हणलं'. नियमात बसतं ते आमचं. तुमचा 'ट' कुठून उगवला ते सांगा आधी.

काना_मात्रा: वैयक्तिक टीका नको. मी पेठेत राहतही नाही. शिष्टसंमत रूप म्हणून काही असतं की नाही?

साधा_माणूस: वा! म्हणजे आपल्याकडेही नियमाबाहेरचंच शुद्ध. 'गेला'चं मान्य करतो, नाइलाजाने. पण त्या 'नेचर'वाल्यांना म्हणावं, सातवीतल्या पोरीचा मार्क परत मिळवून द्या.

तिरकस_बाण: धागा इंग्रजीचा होता हो...

काना_मात्रा: बोलताना खुशाल 'म्हणलं' म्हणा. पेपरात लिहू नका, एवढंच.

ढेकळं: पेपर तपासणारे तुम्हीच ना? मग झालं.