मदत हवी आहे: ग्रीक देवांची वंशावळ काही केल्या जुळत नाहीये

भाचीला सध्या ग्रीक देवांचं वेड लागलंय. सुट्टीला आलीये आणि तिला चार्टपेपरवर देवांची वंशावळ काढून भिंतीवर लावायचीये, मी तोऱ्यात म्हटलं चल मी करतो मदत, आता तीन दिवस झाले आणि दोन चार्ट फुकट गेलेत.

सुरुवात सोपी होती. हेसिअड म्हणून इ.स.पू. ७०० च्या आसपासचा कवी, त्याची थिऑगनी, म्हणजे देवांच्या जन्माचं काव्य, धरली. आधी केऑस म्हणजे पोकळी, मग गाया म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून युरेनस म्हणजे आकाश, त्या दोघांची मुलं म्हणजे बारा टायटन, जुन्या पिढीचे देव. धाकटा क्रोनस विळ्याने बापाला कापतो (नेमकं काय कापतो ते भाचीला सांगितलं नाही, तुम्हीही विचारू नका), ते समुद्रात पडतं आणि फेसातून प्रेमाची देवी अफ्रोडायटी येते. इथपर्यंत ठीक. पण होमरच्या इलियडमध्ये हीच बाई झ्यूस (क्रोनसचा मुलगा, देवांचा राजा) आणि डायोनी देवीची मुलगी! म्हणजे एकीकडे झ्यूसची आत्या लागते न् दुसरीकडे लेक. रेघ कुठून काढू?

त्याहून भारी घोळ लोहार देव हिफेस्टसचा. हेसिअड सांगतो की झ्यूसने स्वतःच्या डोक्यातून अथीनाला जन्म दिला, आणि त्याची बायको हेराने चिडून नवऱ्याशिवायच हिफेस्टसला. पण झ्यूसचं डोकं कुऱ्हाडीने फोडून अथीनाला बाहेर काढणारा पण हिफेस्टसच असं दुसरीकडे वाचलं, मग तो आधी जन्मला कसा?? भाचीनेच पकडलं हे, मी गप्प.

आणि एका व्हिडिओत युरेनस म्हणजे आपला वरुण असं ठासून सांगितलंय, ते खरंय का?

प्रतिसाद:
दादा, एकच झाड काढायचा हट्ट सोडा. ग्रीकांचा सगळ्यांनी मानलेला असा एक धर्मग्रंथ नव्हताच, गावोगावी पूजा वेगळी, कथा वेगळ्या. कुऱ्हाडवाली गोष्ट पिंडार नावाच्या कवीकडे आहे, तो हेसिअडनंतर दोनेकशे वर्षांनी झाला, त्याला कशाला जुळवायची पडलीय. वरुणाचं म्हणाल तर जुनी कल्पना आहे, पण भाषेच्या नियमात ध्वनी बसत नाहीत. बसतो तो झ्यूस. ऋग्वेदातला आकाशदेव द्यौस, म्हणजेच द्यौष्पिता, आणि रोमनांचा ज्युपिटर, तिन्ही एकाच मुळाचे. म्हणजे आपला नातेवाईक युरेनस नाही, झ्यूस आहे :)

बाकी सगळे देव एका घरचे नाहीत. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने ग्रीकांची हेसिअडपेक्षा कितीतरी जुनी लिनिअर बी लिपी उलगडली, त्या मातीच्या पाट्यांवर झ्यूस, हेरा, पोसायडन आहेत, डायोनायसससुद्धा आहे, ज्याला लोक उशिरा बाहेरून आलेला देव समजायचे. अफ्रोडायटी मात्र कुठेच नाही, तिचं नातं सायप्रसमार्गे पूर्वेकडच्या अस्टार्टे देवीशी लावतात. आणि ते कापाकापीचं प्रकरण हेसिअडने मनाने रचलेलं नाही बरं का, तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती लोकांच्या, हेसिअडच्या आधीच्या पाट्यांवर कुमार्बी नावाचा देव आकाशदेव अनूचं तेच करतो, तेही दाताने.

धागाकर्ता:
दाताने!! हे भाचीच्या आईला कळायला नको. बरं, ठरलं मग, हेसिअडची काळ्या पेनाने आणि होमरची लाल पेनाने. हिफेस्टसच्या वर दोन रेघा आणि प्रश्नचिन्ह. झ्यूसच्या शेजारी द्यौष्पिता लिहायला जागा ठेवलीये, पण तो वरच्या ओळीत टाकू का त्याच ओळीत?