१९५६च्या महापौर ‘शोभेच्या’ कशा?

बंदरकर, वेंगुर्ले
काल इथे एकाने लिहिलं: “सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, पण पद शोभेचं. बायकांचं खरं राजकारण आरक्षणानंतरच.” वाचून डोकं फिरलं. १८८८चा मुंबई महापालिका कायदा काढा, कलम ६४(३) वाचा. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. म्हणजे पद शोभेचं असेल तर प्रत्येक महापौराचं. पुरुषांना हे कोणी ऐकवत नाही. महापौर सभा चालवतो, मतं समसमान पडली की निर्णायक मत देतो. आरक्षण नसताना ती खुर्ची मिळवायला पुरुषांनी भरलेल्या सभागृहाचीच मतं लागली.

जांभा
ते मीच लिहिलं, आणि मागे घेत नाही. मोदींनंतरची महिला महापौर कोण? निर्मला सामंत-प्रभावळकर, १९९४. मधली ३८ वर्षं? १९९० ला राज्यात स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या, मग शहरी संस्थांत एक तृतीयांश जागा देणारी ७४वी घटनादुरुस्ती, २०११ ला ५० टक्के. एक बाई वर पोचली म्हणजे वाट झाली असं नाही.

गुहागरी
एक कसली? अवंतिकाबाई गोखले आणि सरोजिनी नायडू १९२३ लाच मुंबई पालिकेत होत्या. अवंतिकाबाई १९१७ ला गांधींच्या चंपारण सत्याग्रहात काम करून आल्या, १९१८ ला हिंद महिला समाज काढला. आधी संघटना, मग पालिका. आता वॉर्डाच्या आरक्षणाची सोडत निघते आणि मग घरात उमेदवार शोधतात.

मोजमाप
सोडतीला शिव्या देऊन काय होणार? आपल्या नगरपरिषदांमध्ये प्रश्न कागद वाचण्याचा आहे. नळाच्या लाइनीचा ठराव घ्या. आधी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर ठराव एकमताने होऊनही पडून राहतो. बेकायदा असेल तर जिल्हाधिकारी नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली स्थगिती देतात. आणि खरी चोरी चरात होते. चर ९० सेंमी धरलेला, जांभा दगड लागला की ठेकेदार ५० वर थांबतो, खाली वाळूचा थर घालतच नाही. वरून ट्रक गेला की दगडाच्या टोकावर पाइप चिरतो. एप्रिलमध्ये गळती शोधत फिरा मग. ज्यावरून ठेकेदाराचं देयक निघतं त्या मोजमाप पुस्तकात खोली मात्र ९०च. म्हणून चर उघडा असतानाच टेप घेऊन उभं राहायचं. बुजवल्यावर पुन्हा खणल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

बंदरकर, वेंगुर्ले
विषय मोदींचा आहे, पाइपचा नाही!

मोजमाप
पाइपचाच आहे. अधिकार म्हणजे काय, यावरच भांडताय ना तुम्ही? देयक निघण्याआधी मोजमाप पुस्तक मागवून बघणारी नगराध्यक्षा मुख्याधिकाऱ्यांनाही टाळता येत नाही. नवऱ्याने घरी आणलेल्या फायलीवर सही करणारी काय अडवणार?

गुहागरी
नवऱ्यांचं बरोबर. पण दोष एकट्या बाईवर टाकू नका. राखीव वॉर्ड फिरता आहे. पाच वर्षांत तिला अंदाजपत्रक, निविदा, देयक कळायला लागतं, आणि पुढच्या सोडतीत वॉर्डच दुसऱ्या प्रवर्गाला जातो. खुल्या वॉर्डात तिला तिकीट कोण देतो?

जांभा
शोभेचं पद पुरुष महापौरांचंही होतं, एवढं मान्य करतो. नाइलाजाने, पण करतो. ३८ वर्षांचं मात्र बंदरकरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

बंदरकर, वेंगुर्ले
गुहागरीने वर दिलंय की. खुल्या जागेवर तिकीट तेव्हाही मिळत नव्हतं, आजही मिळत नाही. त्या काळात मोदी महापौर झाल्या. त्याला शोभा म्हणू नका.