वजन उतरतंय ते व्यायामाने की आजाराने? मदत हवी आहे (जळगाव)

मंडळी, वय 41, जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये हिशेब बघतो. संक्रांतीला वजन 84 किलो होतं. पहाटे मेहरूण तलावावर चालणं, घरी जोर-बैठका, रात्रीचा भात बंद. एवढ्यावर मार्चच्या सुरुवातीला 79.5 वर आलो. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मिलमध्ये विचारायला लागले, "काय भो, परत बोहल्यावर चढतो का?"

मग मार्च एंडिंग आलं. तीन आठवडे चालणं बंद, जोर बंद. त्यात दोन जेवणावळी झाल्या, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी दाबून खाल्ली. तरी काल काटा 76.8! मी खूश. बायको म्हणे, काही न करता उतरतंय त्याचं कसलं कौतुक?

ती घाबरलीय, कारण माझ्या बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आठ दिवसांपूर्वी टीबी निघाला. आमच्या केबिनच्या खिडक्या धुळीमुळे कायम बंद, एसी चालू. तेव्हापासून मिलमध्ये त्याचा चहाचा कप कोणी फेकून दिला, ग्रुपवर कापूर हुंगायचे मेसेज फिरतायत, आणि घरी माझं ताट वेगळं झालंय. मला महिनाभर खोकला आहे खरा, पण तुरीच्या फोलपटाच्या धुळीत कोण खोकत नाही? रात्री घाम येतो, तर एप्रिलात जळगावात कोणाला येत नाही?

व्यायामाचं उतरलेलं वजन आणि आजाराचं, यात फरक ओळखता येतो का? मुलगी नववीत आहे, तिला काही धोका?

केळीबाग, रावेर: भाऊ, आधी काटा कधी बघतो ते सांग. उन्हातून आल्यावर बघितला तर पाण्याचाच किलोभर फरक पडतो. सकाळी उपाशीपोटी, तोच काटा, आठवड्यातून एकदाच. आणि कंबर मोजली का? जोर किती निघतात?

मूळ धागाकर्ता: सकाळीच बघतो. कंबर मार्चमध्ये 36 इंच, आजही 36. जोर 25 निघायचे, काल 13 ला दम लागला. सुट्टी पडल्यामुळे असेल?

धुळ्याची ताई: दादा, मी सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये आहे. सुट्टीने जोर कमी होतात, मान्य. पण सुट्टीत, पोटभर जेवून वजन पावणेतीन किलो उतरलं आणि कंबर तिथेच राहिली, याला प्रगती म्हणू नका. नुसत्या टेपने निदान होत नाही, पण दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायचीच, धूळ असो की नसो. त्यात तुमच्या शेजारी रुग्ण बसत होता. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणी फुकट होते. सीबीनॅट केलं तर जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही कळतं. छातीचा एक्स-रेही काढा. सोबत साखर तपासून घ्या. मधुमेहानेही असंच वजन गळतं, आणि मधुमेह असला तर टीबीचा धोका वाढतो.

ताटाने टीबी होत नाही, वहिनींना सांगा. तो खोकल्यातून हवेत जातो, म्हणून बंद केबिनची काळजी करा, कपाची नाही. तुमच्यात निघालाच तर मुलीची आणि वहिनींचीही तपासणी होईल, गरज वाटली तर प्रतिबंधक गोळ्या देतात. साधा टीबी असेल तर सहा महिन्यांची औषधं, शिवाय नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. तुमच्या सहकाऱ्याची औषधं नीट चालू राहिली की काही आठवड्यांत त्याच्यापासून लागण व्हायची भीती बरीच ओसरते. त्याला वाळीत टाकू नका.

केळीबाग, रावेर: ताईचं ऐक रे भो. कापूर देवापुढेच बरा.

मूळ धागाकर्ता: आज एक नमुना दिला, दुसरा उद्या सकाळचा, उठल्या उठल्याचा. एक्स-रे झाला. साखर उपाशीपोटी 104 आली, डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत बघू. सहकाऱ्याला फोन केला, आठ दिवसांत मिलमधून त्याला आलेला हा पहिलाच. ताई, निकाल येईपर्यंत तलावावर चालायला गेलो तर चालेल का?

धुळ्याची ताई: मोकळ्या हवेत हळू चाला, ताप नसेल तर. खोकताना तोंडावर रुमाल. जोर मात्र आत्ता नको, आणि रात्रीचा भात सुरू करा.