अनुभव धागा: रॉक बँडचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्यावा की सोडावा?

बर्डीचा_बेसवाला
कपाट आवरताना ‘ईगल्स’ची ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ कॅसेट हाती आली, म्हणून हा धागा. घरच्या पोट्ट्यांचा प्रश्न ठरलेला: यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ काहून नाही? कारण हे संकलन फेब्रुवारी १९७६चं, आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आलं त्याच वर्षी डिसेंबरात. तरी अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचा मान) मिळालेला पहिला अल्बम हाच, २०१८ मध्ये ३८ पट प्लॅटिनम. गंमत म्हणजे यातलं ‘डेस्परॅडो’ सिंगल (एका गाण्याची सुटी रेकॉर्ड) म्हणून कधी निघालंच नव्हतं. हिट्स म्हणे!
कोणाचं संकलन घ्यावं, कोणाचं नाही, घेताना काय तपासावं, ते लिहा. नुसतं ‘मूळ अल्बम ऐका’ नको, कारण सांगा.

तर्री_जास्त
सीसीआरचं (क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल) ‘क्रॉनिकल’ डोळे मिटून घ्या. १९७६चं, २० गाणी. हा बँड सिंगल्सचाच. अमेरिकेत पाच सिंगल्स दुसऱ्या नंबरावर अडकली, पहिला नंबर एकदाही नाही. पण एकही गाणं भरतीचं वाटत नाही.

खामल्याची_सुई
पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ (२००१) घेऊ नका. दोन सीडी, २६ गाणी, सगळी एकात एक मिसळलेली. त्यासाठी कात्री चालवली: २३ मिनिटांचं ‘एकोज’ साडेसोळावर आलं, ‘शाइन ऑन’ही कापलं. मधला तो घुमणारा भाग म्हणजेच तर ते गाणं, तोच छाटला तर काय उरलं?
१९८१चं ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज’ घेणार असाल तर त्यातलं ‘मनी’ मूळ नाही हे ध्यानात ठेवा. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने हक्क दिले नाहीत, म्हणून बँडच्याच गिटारवाल्या गिलमोरने बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून ते परत रेकॉर्ड केलं.

पोट्टा_नं_१
२६ गाण्यांत एक झोप होते माझी 😂

खामल्याची_सुई
@पोट्टा झोप लागली म्हणजे जोड बरोबर बसली समज.

धरमपेठ_ड्रम्स
परत रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचा विषय निघालाच आहे तर ‘द पोलीस’ बँड पाहा. १९८६च्या सिंगल्स संकलनात ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’चं नवं रूप आहे, मूळ नाही. ड्रमर कोपलंड घोड्यावरून पडला, कॉलरबोन मोडलं, म्हणून त्यात ड्रम मशीन. पोलीसच्या गाण्यातून कोपलंडचा हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) काढला तर राहिलं काय, सांगा न. १९९५च्या ‘द क्लासिक्स’मध्ये मूळ परत घेतलं, तीच आवृत्ती शोधा.
ॲपवर ऐकत असाल तर नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ आहे का बघा, आणि गाण्याची लांबी मूळ अल्बमशी ताडून पाहा. वीस-तीस सेकंदांचा फरक दिसला की बहुतेक वेळा सिंगल एडिट (सिंगलसाठी कापलेलं रूप) निघतं. ‘ट्रिब्यूट’ लिहिलं असेल तर बँडच वेगळा.

सदरची_ताई
गन्स एन’ रोझेस २००४: १४ पैकी ५ गाणी दुसऱ्यांची. डिलन, विंग्ज, स्टोन्स, डेड बॉइज, स्कायलाइनर्स. आणि ‘नाइटट्रेन’ला जागा नाही! बँडवाल्यांनीच हा अल्बम थांबवायला कोर्ट गाठलं होतं, यातच काय ते आलं.

बर्डीचा_बेसवाला
@सदरची_ताई हाव न. पण ‘नोव्हेंबर रेन’ आख्खं ठेवलं, तेवढं पुण्य.

वाळा_बदला_रे
क्वीनचं १९८१चं घ्यायचं तर कोणत्या देशाची प्रत ते आधी बघा. ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी, त्यात ‘अंडर प्रेशर’ नाही. अमेरिकेच्या आवृत्तीत आहे. ब्रिटनमध्ये ते १९९१च्या दुसऱ्या भागात आलं.
रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी: ब्रिटिश एलपी जवळपास तासाभराची, म्हणजे एका बाजूला २८-२९ मिनिटं. दणदणीत आवाजाला २०-२२ मिनिटं बरी. त्याहून जास्त भरलं की खाचा जवळ-जवळ कापाव्या लागतात, मग आवाज आणि बेस दोन्ही कमी ठेवतात. आपण व्हॉल्यूम वाढवला की खरखरही वाढते. त्यात ‘वी आर द चॅम्पियन्स’ दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, अगदी आतल्या खाचेत, तिथे ‘स’ फाटतो. घासलेली सुई असेल तर फारच. या एकाची सीडी घ्या.

मेडिकल_चौक
रेकॉर्डी मे महिन्यात ठेवायच्या कशा? इथे ४५-४६ डिग्री.

वाळा_बदला_रे
@मेडिकल_चौक उभ्याच ठेवायच्या, आडवी थप्पी नको. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, गाडीत विसरू नका. कूलरच्या झोतापासूनही लांब, ओलाव्याने कागदी कव्हरला बुरशी धरते. प्लॅस्टिकची बाहेरची पिशवी वापरा, पण तोंड उघडं.

सदरची_ताई
कूलरला यंदा वाळा की हनीकोंब कोणी सांगेल का? धागा भरकटला तर भरकटला.

तर्री_जास्त
@ताई वास पाहिजे तर वाळा, वर्षावर्षाला बदलायचा नसेल तर हनीकोंब.

मनीषनगर_फ्लॅक
बीटल्सचं ‘१’ (२०००) चांगलं, पण अट समजून घ्या. ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेलीच २७ गाणी. म्हणून ‘पेनी लेन’ आहे (अमेरिकेत पहिलं), त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ नाही. ते पाहिजे तर १९७३चा निळ्या कव्हरचा ‘१९६७–१९७०’ संच, सुरुवातच त्याने आहे. अल्बमवर नसलेली सिंगल्स सगळी पाहिजेत तर ‘पास्ट मास्टर्स’.
लेड झेपेलिनचं ‘मदरशिप’ (२००७, २४ गाणी) मला अर्धवट वाटतं. ‘हार्टब्रेकर’ संपतं त्याच क्षणी कानाला ‘लिव्हिंग लव्हिंग मेड’ पाहिजे असतं, इथे ‘इमिग्रंट साँग’ येतं.
त्यापेक्षा स्वतःचं बनवा. सीडीवर ८० मिनिटांपर्यंत मावतं. वेगवेगळ्या सालांचे रीमास्टर (मूळ टेपवरून नव्याने केलेल्या आवृत्त्या) एकत्र आले की आवाज वर-खाली होतो, म्हणून फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये सगळी गाणी निवडून रीप्लेगेन (आवाज मोजून सारखा करायची सोय) स्कॅन करा, ‘ट्रॅक गेन’ लावा. ‘अल्बम गेन’ नको, तो अल्बममधला मूळ फरक तसाच ठेवतो. क्लिपिंग (आवाज फाटणं) रोखायचा पर्याय चालू ठेवा.

पोट्टा_नं_१
@मनीषनगर_फ्लॅक गाडीत पेनड्राइव्हवर जोडगाण्यांच्या मधे गॅप येतो, काय करू भाऊ?

मनीषनगर_फ्लॅक
एमपीथ्रीच्या सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते, आणि गाडीतले बरेचसे स्टिरिओ ती गाळत नाहीत. दोन्ही गाणी वेव्ह (WAV) फाइलमध्ये जोड, मग त्याची एकच एमपीथ्री कर. ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट कर, नावांआधी ०१, ०२, आणि त्याच क्रमाने कॉपी कर. काही स्टिरिओ नाव पाहतच नाहीत, कॉपीचा क्रम पाहतात.

धरमपेठ_ड्रम्स
एसी/डीसीवाले कुठे गेले? त्यांचं अधिकृत ग्रेटेस्ट हिट्स नाहीच. २०१०चा ‘आयर्न मॅन २’ या सिनेमाचा, सगळी यांचीच गाणी असलेला अल्बम घ्या, १५ गाणी, तेच काम होते.

बर्डीचा_बेसवाला
ती कॅसेट लावली तर आवाज दबका, ट्रेबल गायब. हेड साफ आहे.

खामल्याची_सुई
@बर्डी फितीमागचा फेल्टचा तुकडा पडला असेल, तो फीत हेडला दाबून धरतो. पाच स्क्रूवाली फालतू कॅसेट घे, उघड, तिच्या शेलमध्ये तुझी दोन्ही चक्रं ठेव, रोलरवरून फीत नीट फिरव. तुझं शेल चिकटवलेलं असेल तर कडेने ब्लेड घाल, फितीच्या बाजूने नको. लावायच्या आधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण पळव, घट्ट बसलेली फीत मोकळी होते.

सदरची_ताई
आणि स्क्रू वाटीत ठेव बाप्पा, टेबलावर नको.